संचातला कंदील आणि सुट्टीची चिकटवही

दिवाळीची सुट्टी जवळ आली की स्टेशनरीच्या दुकानांचे रूप पालटते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा घ्या किंवा डोंबिवली पूर्वेकडून कल्याण-शीळ रस्त्याला मिळणारा मानपाडा रस्ता घ्या. वह्या-पेन्सिली मागे सरतात आणि दर्शनी भागात रंगीत खोकी येऊन बसतात. 'आकाशकंदील स्वतः बनवा' असे एकावर लिहिलेले असते, दुसऱ्यात पणत्या रंगवण्याचे साहित्य असते, तिसऱ्यात भेटकार्डे. दिवाळी सरली की त्याच जागी नाताळची चांदणी येते, मग संक्रांतीचा पतंग, पाडव्याची कागदी गुढी, श्रावणात राखी आणि भाद्रपदात पुठ्ठ्याचे घडीचे मखर. दुकानदाराच्या भाषेत याला 'किट' म्हणतात. सणाच्या विषयानुसार कापून ठेवलेले कागद, चिकटणारी चित्रे, दुहेरी चिकटपट्टी, थोडी चमकी आणि कृतीचा कागद, इतके साहित्य एका खोक्यात मिळते.

अशा संचांना नावे ठेवणे सोपे आहे. दोघेही नोकरीला जाणारे आईवडील, दोन खोल्यांचे घर आणि सुट्टीतही चालू असणारे वर्ग, अशा व्यवस्थेत पतंगी कागदाचा ताव, बांबूच्या काड्या, खळ आणि दोरा जमवायला वेळ कोणाला आहे? संच विकत आणला तर निदान दोन तास मूल पडद्यापासून दूर बसते आणि शेवटी खिडकीत टांगण्याजोगे काही तरी तयार होते. हे मोल कमी नाही. प्रश्न वेगळाच आहे. संच तयार करणाऱ्याने मुलाचे जे काम आधीच उरकून ठेवले, ते नेमके कोणते होते? मोजणे, आखणे, कापणे, चुकले तर पुन्हा कापणे आणि कोणता भाग कशाला जोडायचा याचा विचार करणे, हेच ते काम. हाताला वळण लागते ते या कामांनी. ती वगळली की मुलाकडे केवळ चिकटवणे उरते.

दोनशे चौकोनांचे पुडके

मुलांसाठी हस्तकलेचा संच ही कल्पना आजच्या बाजाराची नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालशिक्षणाचे जे काम सुरू केले, त्यातून 'किंडरगार्टन' उभे राहिले. ठोकळे, काड्या, कागदाच्या घड्या, कागदाची विणकामे अशा साहित्याची त्यांनी क्रमवार आखणी केली होती. पुढे हे साहित्य पेट्यांतून जगभर विकले जाऊ लागले. त्यातला कागदाच्या घड्यांचा संच मद्रास इलाख्यातही पोहोचला. दोनशे रंगीत चौकोनी कागद, घडी दाबण्याची पट्टी आणि आकृत्यांसह सूचना, असे त्याचे स्वरूप होते. आजच्या किटपेक्षा ते फारसे निराळे नव्हते.

तो संच टी. सुंदर राव या गणिताची आवड असलेल्या गृहस्थांच्या पाहण्यात आला. सूचनेबरहुकूम होड्या आणि पक्षी करून ते थांबले नाहीत. चौकोनी कागदाला केवळ घड्या घालून समभुज त्रिकोण, पंचकोन, षटकोन कसे मिळतात, श्रेढींच्या बेरजा कशा दाखवता येतात, इतकेच काय पण परवलयासारख्या वक्रांवरचे बिंदू कसे शोधता येतात, हे त्यांनी क्रमाने मांडले. १८९३ मध्ये मद्रासेत त्यांचे 'जॉमेट्रिक एक्सरसायझेस इन पेपर फोल्डिंग' हे पुस्तक निघाले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती प्रसिद्ध झाली. लहान मुलांच्या खेळण्यातल्या कागदांतून भूमितीचे पुस्तक निर्माण झाले, कारण वापरणाऱ्याने सूचनांचा कागद संपल्यावरही घड्या घालणे सोडले नाही.

बोर्डीची बालवाडी

दुसरे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच आहे. मारिया माँटेसरी यांची शिक्षणपद्धती आपल्याकडे आली ती तिच्या साधनांसह. घासूनपुसून गुळगुळीत केलेले लाकडी दट्टे, मनोरे, अक्षरांच्या पाट्या, सारे काही ठरीव मापाचे आणि महागडे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत या पद्धतीवर काम केले होते. शहरातल्या सुखवस्तू मुलांना जे मिळते ते खेड्यातल्या मुलांना कसे द्यावे, हा प्रश्न घेऊन त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बोर्डीत महागड्या पेट्या परवडणार नव्हत्या आणि त्यांची गरजही नव्हती. गणतीसाठी चिंचोके आणि खडे, रंगांच्या ओळखीसाठी पाने-फुले, हाताच्या कामासाठी माती, बिया आणि शिंपले, असे साहित्य परिसरातूनच उभे राहिले. पद्धतीतला विचार त्यांनी ठेवला आणि साधने बदलली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. बोर्डी आणि कोसबाड हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला असला, तरी मानपाड्यातल्या पालकाला हा धडा परका वाटू नये. पेटीतली वस्तू कोणती कल्पना शिकवण्यासाठी आहे हे एकदा कळले, की ती वस्तू घरातल्या साहित्यातूनही उभी करता येते.

चोवीस काड्या, बारा कोपरे

आकाशकंदिलाचेच पाहू. संचातला कंदील बहुधा जाड कार्डाचा असतो. दिलेल्या रेषांवर घड्या घालायच्या आणि कडा चिकटवायच्या. पारंपरिक कंदिलाला मात्र बांबूच्या काड्यांचा सांगाडा लागतो. त्याचा एक सोपा आणि देखणा प्रकार सहा चौकोनांचा आहे. समान लांबीच्या चार काड्या बांधून एक चौकोन, असे सहा चौकोन करायचे. मग प्रत्येक चौकोनाचा प्रत्येक कोपरा शेजारच्या चौकोनाच्या एका कोपऱ्याला बांधायचा. एक चौकोन वर, एक खाली आणि चार भोवती अशी मांडणी होते. काड्या लागतात चोवीस. चौकोनांचे एकूण कोपरेही चोवीसच, पण ते दोन-दोन एकत्र आल्यामुळे सांगाड्याला कोपरे उरतात बारा. गंमत अशी, की चौकोनांच्या मधल्या जागेत आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांच्यासाठी एकही जादा काडी लागत नाही.

काडी वीस सेंटिमीटरची घेतली तर एकूण ४ मीटर ८० सेंटिमीटर लांबीच्या काड्या लागतील. शिवाय गाठीसाठी प्रत्येक काडीला दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर जास्त ठेवावा. तयार कंदिलाची वरच्या चौकोनापासून खालच्या चौकोनापर्यंतची उंची साधारण २८ सेंटिमीटर भरते. ती नेमकी चौकोनाच्या कर्णाइतकी असते. सहावी-सातवीतल्या मुलाला पट्टी हातात देऊन ही दोन्ही मापे घ्यायला सांगितली, तर वर्गात फळ्यावर पाहिलेला कर्ण त्याला खिडकीत टांगलेला दिसेल.

सांगाडा बांधून झाला की मुले हमखास नाराज होतात, कारण तो डुगडुगतो. काड्यांचा चौकोन दाबला की तिरका होतो. त्रिकोण तसा होत नाही. इथे कागदाचे काम सुरू होते. चौकोनावर पतंगी कागद ताणून चिकटवला की तो चौकोनाला तिरके होऊ देत नाही आणि खळ वाळल्यावर तोच डुगडुगणारा सांगाडा ताठ उभा राहतो. हाताने फाटणारा कागद बांबूला आधार देतो, हे मुलाने स्वतः अनुभवावे असे आहे. वरचा आणि खालचा चौकोन मोकळा ठेवून बाकीचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण मढवायचे. वरच्या चौकोनात एक आडवी काडी बांधली की दिवा अडकवायची सोय होते आणि तो भागही आवळला जातो.

त्रिकोणाचा कागद कापायला कोनमापक लागत नाही. वीस सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यावा, मधोमध उभी घडी घालून उघडावा. खालचा डावा कोपरा जागेवर धरून खालचा उजवा कोपरा उचलावा आणि मधल्या घडीवर टेकवावा. तो जिथे टेकेल तिथे त्रिकोणाचा वरचा कोपरा येतो. कारण सरळ आहे: उचललेली कड वीस सेंटिमीटरचीच राहते आणि मधली घडी दोन्ही खालच्या कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असते. सुंदर रावांच्या वाटेवरची ही अगदी पहिली पायरी म्हणता येईल. चिकटवण्यासाठी भोवती दीड सेंटिमीटरची कड मात्र जास्त सोडावी.

खळ घरी करता येते. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात आणि मंद आचेवर, मोठ्यांच्या देखरेखीखाली, पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. बुकबाइंडर खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत आले आहेत; ते विषारी असल्याने मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. ताजी खळ करून ती दोन दिवसांत संपवावी हे बरे. दिव्याच्या बाबतीत आजची मुले सुदैवी आहेत. पूर्वी साठ वॅटचा बल्ब कागदाला टेकला की कागद करपत असे. आजचा एलईडी दिवा त्या मानाने फारच कमी तापतो. मेणबत्ती किंवा पणती मात्र कागदी कंदिलात कधीही ठेवू नये.

चिकटवहीत काय चिकटवायचे?

सुट्टीतला दुसरा उद्योग चिकटवहीचा. शाळेच्या प्रकल्पामुळे चिकटवहीचे रूपांतर बऱ्याच ठिकाणी छापील चित्रांच्या वहीत झाले आहे. पाच रुपयांना 'भारतीय सण' किंवा 'थोर नेते' या विषयाच्या चित्रांचा तक्ता आणायचा आणि कापून चिकटवायचा. विषयानुसार मिळणारे स्क्रॅपबुकचे संच ही त्याचीच महागडी आवृत्ती. चौकटी तयार, मथळे तयार, फक्त छायाचित्रांची जागा मोकळी. डोंबिवलीतल्या मुलाची वही आणि दिल्लीतल्या मुलाची वही त्यात सारखीच दिसते.

चिकटवहीचा मूळ उपयोग वेगळा होता. हाताशी आलेले, पण टिकणार नाही असे काही जपून ठेवण्यासाठी ती असे. अमेरिकी लेखक मार्क ट्वेन यांना या छंदाचा इतका नाद होता, की पानांवर आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे पेटंट त्यांनी १८७३ मध्ये घेतले. आपल्याकडे पोस्टाची तिकिटे, काडेपेट्यांचे छाप, वर्तमानपत्रांतली कात्रणे, लग्नपत्रिकांवरचे गणपती असा संग्रह अनेक घरांत होत असे. ती वही पाहून ते घर कोणत्या गावात, कोणत्या काळात होते हे सांगता येई.

मानपाड्यासारख्या ठिकाणी तर या वहीची खरी गरज आहे. 'पाडा' म्हणजे लहान वस्ती. ठाण्यातल्या आणि डोंबिवलीजवळच्या दोन्ही मानपाड्यांच्या नावात ती वस्ती आजही शिल्लक आहे. डोळ्यांना मात्र उंच इमारती, रुंद होत जाणारे रस्ते आणि मेट्रोचे खांब दिसतात. या भागात वाढणाऱ्या बहुतेक मुलांचे आजोळ दुसरीकडे असते आणि राहत्या जागेची जुनी ओळख त्यांना कोणी करून दिलेली नसते. सुट्टीच्या चिकटवहीचा विषय म्हणून 'आमचा रस्ता' इतकाच घेतला तरी वीस पाने अपुरी पडतील. इमारतीच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य एका पानावर रेखाटावे. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला आधी इथे काय होते ते विचारून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर लोटणाऱ्या गर्दीचे एक छायाचित्र, त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा मथळा, फराळाच्या डब्यावरची चिठ्ठी, एखादे तिकीट, असे सारे त्यात येऊ शकते.

निसर्गाचेही एक पान हवे. ठाण्याच्या मानपाड्यामागे येऊरचे डोंगर आहेत आणि ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहेत. या उद्यानातली कारवी दर आठ वर्षांनी एकदम फुलते. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये ती अशी फुलली होती. हाच क्रम चालू राहिला तर पुढचा बहर २०३२ मध्ये येईल. २०२४ मध्ये पहिलीत असलेले मूल तोवर नववीत गेलेले असेल. एवढ्या अंतराची आठवण ठेवायला तारीख घातलेल्या वहीचा उपयोग होतो. मात्र उद्यानातले फूल, पान वा पीस काहीही तोडून वा उचलून आणू नये; कायद्याने त्यास मनाई आहे. तिथले चित्र काढावे किंवा छायाचित्र घ्यावे. सोसायटीच्या आवारातली गळलेली पाने मात्र खुशाल गोळा करावीत. ती जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून वर वजन द्यावे आणि कागद रोज बदलावा. ठाण्याच्या दमट हवेत पाने पुरती वाळायला आठवडा-दहा दिवस लागतात. ओलसर पान चिकटवले तर पुढच्या पावसाळ्यात वहीला बुरशी धरते.

वही टिकावी म्हणून

हौसेने केलेली चिकटवही दहा वर्षांनी उघडली तर बहुधा पिवळी पडलेली दिसते. यामागे साधे रसायनशास्त्र आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाचा भरडलेला लगदा वापरून बनतो आणि त्यात लिग्निन नावाचे द्रव्य शिल्लक राहते. उजेड आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागद आम्लधर्मी होऊन ठिसूळ होतो आणि ते आम्ल शेजारच्या पानावरही उतरते. म्हणून महत्त्वाच्या कात्रणाची चांगल्या कागदावर छायाप्रत काढून ती चिकटवावी. दुकानांच्या आणि एटीएमच्या पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात. त्यांवरची अक्षरे काही काळात उडून जातात. त्यांचीही छायाप्रत काढावी किंवा मजकूर शेजारी लिहून ठेवावा. पारदर्शक चिकटपट्टी काही वर्षांत तपकिरी होते आणि तिचा डिंक पाझरतो, म्हणून ती टाळलेली बरी. पांढरा डिंक वापरायचा तर कोपऱ्यांना आणि अगदी पातळ लावावा. तो जास्त झाला तर त्यातल्या पाण्याने पान आक्रसते.

चमकीचाही विचार करायला हवा. संचात मिळणारी चमकी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते. केर काढताना ती गोळा होत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जाते. युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध घातले आहेत. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि त्यानंतर गणपतीच्या मखरांसाठी पुठ्ठा आणि कागद पुन्हा वापरात आले. घरच्या हस्तकलेलाही तोच न्याय लावता येईल. चमक हवी असेल तर चॉकलेटची चांदी आणि जुन्या लग्नपत्रिकांचे सोनेरी कागद कुठल्याही घरात सापडतात.

एका संचातून तीन कंदील

मग संच आणायचाच नाही का? जरूर आणावा, फक्त तो वापरण्याची रीत थोडी बदलावी. खोके उघडल्यावर काहीही चिकटवण्यापूर्वी प्रत्येक सुटा भाग जाड कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढून घ्यावी. कृतीचा कागद बाजूला ठेवून कोणता भाग कुठे बसेल याचा अंदाज मुलाला आधी करू द्यावा. अंदाज चुकला तरी हरकत नाही, चिकटवण्यापूर्वी चूक सुधारता येते. त्यानंतर पहिला कंदील संचातल्या साहित्याचा करावा.

दुसरा कंदील काढून ठेवलेल्या आकृत्यांवरून, पण दीडपट किंवा निम्म्या मापाचा करावा. इथे गुणाकार-भागाकार करावाच लागतो आणि बाजू दुप्पट केली की कागद चौपट लागतो हे तावांचा हिशेब करताना ध्यानात येते. तिसरा कंदील मुलाच्या मनाचा. त्यात मोठ्यांनी फक्त कात्री आणि गरम खळ सांभाळावी. तो वाकडा झाला तरी दारात लावावा. सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून एक संच, एक बांबूची जुडी आणि कागदाचे काही ताव आणले तर खर्च वाटला जातो आणि मुलांना सोबतही मिळते.

तिन्ही कंदिलांची मापे, वापरलेल्या काड्या, फसलेला पहिला त्रिकोण आणि करणाऱ्यांची नावे चिकटवहीत तारखेसह नोंदवावीत. पुढच्या वर्षी मापे नव्याने शोधावी लागणार नाहीत आणि संचावाचूनही कंदील होईल. वही कोरड्या जागी, शक्यतो कापडात गुंडाळून ठेवावी. मेट्रोचे खांब आणि येऊरची कारवी एकाच वहीत असलेली ही नोंद २०३२ च्या पावसाळ्यात उघडून पाहण्याजोगी ठरेल.